ऐनवेळचा विषय

विषय क्रमांक सत्तेचाळीस: टँकरची थकलेली बिलं.
अठ्ठेचाळीस: भटकी कुत्री. पुढच्या सभेत.
मग ऐनवेळचे विषय, तोवर निम्मं सभागृह
भज्यांच्या वासामागं उठून गेलेलं.

मी इतिवृत्त लिहितो. एकोणीस वर्षं.
कोण काय बोललं ते लिहितो,
कोण काय बोलणार होतं ते गिळतो.

अर्ज अबीगेल रोहेकर यांचा,
राहणार रेल्वे लाइन्स, वय अठ्ठ्याहत्तर.
'दफनभूमीच्या भिंतीवर कुणी रात्री डांबरानं
आम्हा ज्यूंविषयी लिहिलं आहे.
मजकूर पुन्हा लिहीत नाही.
त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत.
एक बादली चुना मिळावा.
रंगवीन मीच, गुडघे ऐकतील तेवढं.'

हत्तुरे उठले: हा आंतरराष्ट्रीय विषय आहे ओ,
तिकडची भांडणं तिकडं,
आपल्या अखत्यारीत बसत नाही.
मागून कुणीतरी: ज्यू म्हंजे नेमकं कोण बे?
भूलक्ष्मी मेरगू बसूनच बोलल्या:
भिंत कुणाची?

नगर अभियंत्यांनी फाईल चाळली.
महापालिकेची. सन एकसष्ट.

मग अखत्यार कुणाचा?

(पंख्याचा आवाज. हे मी लिहिलं नाही.)

मकबूल नदाफ यांचं अनुमोदन.
म्हणाले, आमच्या कब्रस्तानाला तीच भिंत आहे.
ओल तिकडनं मुरते,
पोपडे इकडंही पडतात.

ठराव मलाच टंकायचा होता.
'ज्यूद्वेष' हा शब्द बोटांना माहीत नव्हता.
पुढं 'निषेध' लिहिलं, खोडलं.
निषेध आम्ही दर महिन्याला करतो,
त्या नाण्यावरचा छाप कधीच झिजला.
शेवटी लिहिलं: ही महापालिका
श्रीमती रोहेकर व त्यांच्या समाजासोबत आहे.
मंजूर. विरोध नाही.
हत्तुरे चहाला गेलेले.

प्रत द्यायला मीच गेलो.
बाईंनी चष्मा बदलून दोनदा वाचली.
"समाज म्हणजे आता मी,
आणि ठाण्याला मोझेल, तिला ऐकू येत नाही.
पण हे 'सोबत' म्हणजे कधी?
शनवार सोडून कुठलाही वार चालेल."

बुधवारी मुकादम चुना घेऊन आला.
डांबरावर चुना टिकत नाही,
हे ठरावात कुणी म्हटलं नव्हतं.
एका तासात अक्षरं खालून वर आली, पिवळट होऊन.
रॉकेल हवं, खरवडायला हवं, मग पाणी.
आणि सोलापुरात पाणी येऊन गेलं होतं रविवारी,
आता येणार शुक्रवारी.
टँकर? विषय क्रमांक सत्तेचाळीस.

लाइनीतल्या एका घरातून घागर निघाली.
मग दुसऱ्या. साठवलेलं, पुरवून वापरायचं पाणी,
कळशीत, डालड्याच्या डब्यात, टॉवेलवाल्यांच्या
रंगाच्या पिंपात, ज्याचा लाल काही सुटत नाही.
नदाफांनी दोन हंडे पाठवले, स्वतः नंतर आले.
मेरगूबाई पदर खोचून खरवडत होत्या,
तेलुगूत कुणाला तरी शिव्या देत.

सांडलेलं पाणी कबरींपर्यंत गेलं.
एका दगडावर, हिब्रूखाली, ओलं होऊन उमटलं:
'हारून दाऊद पेझारकर, जॉबर.'
कुठल्या गिरणीचा, ते तुटलेलं.

रांगेत एक पोरगं होतं, नखांत काळं.
मी पाहिलं. बाईंनी माझ्या आधी.
"कितवीत?"
"आठवी."
"संध्याकाळी घरी ये. दुसरी वेलांटी शिकवते."
त्याची बादली हिंदकळली.
तो आला की नाही, मला ठाऊक नाही.

भिंतीवर सावलीसारखं काहीतरी अजून आहे,
तिरक्या उन्हात दिसतं.

पुढच्या सभेत मी वाचलं:
भिंत साफ केली, खर्च निरंक.
हत्तुरे म्हणाले, आणि पाणी?
ते कुठल्या खात्यातनं?

मी पेन उघडलं, ओळीखाली जागा होती.
लिहिलं: घागरी ज्याच्या त्याला परत.
इतिवृत्त कायम करण्यात आले.